तसं नाही हं ते!

आमच्या सोसायटीत टाकी कधी भरणार हे वॉचमनला माहीत असतं, कुणाकडे पाहुणे उतरलेत हे दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना, आणि सफरचंद न्यूटनच्या डोक्यावर पडलं नव्हतं हे अण्णांना. पहिल्या दोन गोष्टी विचारल्यावर कळतात. तिसरी न विचारता.

"तसं नाही हं ते," असं म्हणून अण्णा चष्मा कपाळावर चढवतात. चष्मा वर गेला की ओळखायचं, आता किमान वीस मिनिटं. "डोक्यावर कुठलं पडायला? बागेत पडताना दिसलं, एवढंच. आणि तेही न्यूटननं म्हातारपणी, 1726 साली, चहा पिता पिता स्टक्ली नावाच्या मित्राला सांगितलं. डोकं मागाहून लोकांनी घातलं मध्ये."

अण्णा बँकेतले हेडकॅशियर. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. पदार्थविज्ञानाशी त्यांचा अधिकृत संबंध कॉलेजच्या पहिल्याच वर्षी तुटला, कारण वडिलांनी कॉमर्सला घातलं. पण बोलताना ते "आपल्या फिजिक्समध्ये" असंच म्हणतात. बँकवाल्याला हा नाद कसा, असं कुणी विचारलं की उत्तर तयार असतं. "रामन कुठले? अकौंट्सचे! 1907 ला सरकारी हिशेब खात्यात लागले. कलकत्ता, रंगून, आपलं नागपूरसुद्धा, सगळीकडे बदल्या. कलकत्त्यात असले की ऑफिसच्या आधी आणि ऑफिसनंतर बहूबाजारच्या प्रयोगशाळेत. 1917 ला प्रोफेसर झाले तेव्हा कुठे नोकरी सोडली. आणि आइन्स्टाइन? बर्नच्या पेटंट ऑफिसात क्लास थ्री!"

"त्यांनी नोकरी करून शोध लावले," आतून काकूंचा आवाज येतो. "तुम्ही काय लावलंत?"

"वाचणारा नको का कुणी?" अण्णा म्हणतात. यावर काकूंकडे उत्तर नसतं, कारण पुस्तकं ठेवायला कपाटही नसतं.

जुने शास्त्रज्ञ म्हणजे अण्णांना भाऊबंदच. कुणाचं कुणाशी पटत नव्हतं, कुणी कुणाचा कागद दाबून ठेवला, सगळं तोंडपाठ. न्यूटन आणि हूक यांच्या भांडणात ते उघडपणे हूकच्या बाजूचे. "हूक 1703 ला गेला आणि 1704 ला न्यूटनचं प्रकाशावरचं पुस्तक बाहेर आलं. बघा म्हणजे झालं!" हे ते अशा सुरात सांगतात, की जणू हूकच्या वारसांना अजून सातबारा मिळायचा आहे.

कालनिर्णयवर काकू दूध आणि गॅसच्या तारखा लिहितात, अण्णा वाढदिवस. 28 फेब्रुवारीला, रामन परिणामाच्या दिवशी, घरात गोड हवंच. न्यूटनचा वाढदिवस मात्र दोनदा होतो. जुन्या पंचांगाप्रमाणे 25 डिसेंबर 1642, आणि आजच्याप्रमाणे 4 जानेवारी 1643. इंग्लंडनं नवं कॅलेंडर 1752 पर्यंत घेतलंच नाही, त्याची भरपाई अण्णा दोन्ही दिवशी केक आणून करतात. साखर वाढलेली आहे हे डॉक्टरांनी सांगितलंय, पण डॉक्टरांना कॅलेंडरचा इतिहास ठाऊक नाही. आणि "गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला" असं कुणी भाषणात म्हणालं, की अण्णा सभागृहात उभे राहतात. "तसं नाही हं ते. गॅलिलिओची तारीख नव्या कॅलेंडरची आणि न्यूटनची जुन्या. एका रकान्यात दोन चलनं मिसळू नका!" कॅशियर तो, हिशेबातली गफलत खपत नाही.

स्वयंपाकघरात त्यांना शक्यतो येऊ देत नाहीत. कुकरची शिट्टी झाली की त्यांना डेनिस पापिन आठवतो. 1679 साली त्यानं वाफ कोंडून हाडं मऊ करणारं भांडं लंडनच्या रॉयल सोसायटीला दाखवलं, ते फुटू नये म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हही त्यानंच बसवला, पुढे त्याच भांड्यात शिजवून तिथल्या विद्वानांना जेवूही घातलं, आणि एवढं करून बिचारा शेवटी गरिबीत गेला. गोष्ट इथवर येते तोवर चौथी शिट्टी झालेली असते आणि डाळीचा लगदा. "पापिननं गॅस बंद करायचं सांगितलं होतं का?" काकू विचारतात. अण्णा निमूटपणे तेच वरण भुरकतात आणि चांगलं झालंय म्हणतात.

ताटात सुरमई आली तर हॅलेची पाळी. हा किस्सा सांगताना त्यांचा आवाज खरंच चढतो. रॉयल सोसायटीनं माशांच्या इतिहासाचं एक जाडजूड सचित्र पुस्तक छापलं, ते खपलं नाही, तिजोरी रिकामी झाली. म्हणून 1687 साली न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' एडमंड हॅलेनं पदरच्या पैशानं छापला. "आणि सोसायटीच्या नोकरीत त्याला पगार काय मिळाला? पन्नास पौंड द्यायचे होते, ते दिले उरलेल्या माशांच्या पुस्तकांत! अहो, आमच्या बँकेच्या वाईटातल्या वाईट वर्षातसुद्धा कुणाला पगार म्हणून पासबुकं दिली नाहीत!" साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या या थकबाकीनं त्यांची भूक मात्र मरत नाही. सुरमई संपते.

पुस्तकं हा अण्णांचा खरा संसार. मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची स्वस्त, भक्कम बांधणीची पुस्तकं त्यांनी पगार अपुरा होता तेव्हापासून जमवली. पेरेलमनचं 'फिजिक्स फॉर एंटरटेनमेंट' खाकी कव्हर घालून देवघराशेजारी. ते कुणाला देताना सांगतात, "हा माणूस 1942 साली लेनिनग्राडच्या वेढ्यात उपासमारीनं गेला. पानाचा कोपरा दुमडू नका." पुस्तक नेणाऱ्याचं नाव बँकेच्या जुन्या लेजरमध्ये चढतं. नावे, जमा, शेरा. मुदत टळली की अण्णा संध्याकाळी "सहज" येतात, चहा घेतात, पावसाबद्दल बोलतात आणि नजरेनं तुमच्या घरातली सगळी फडताळं तपासून जातात. कर्जवसुलीचा अनुभव वाया जात नाही. फाइनमनच्या व्याख्यानांचे तीन खंडही आहेत. पहिल्या खंडात समासभर पेन्सिलीच्या खुणा, दुसऱ्यात तुरळक, तिसरा स्वच्छ. "गणित दाट झालं की मी बाहेरून नमस्कार करतो," ते मोकळेपणानं सांगतात. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र समास पुरलेला नाही, चिठ्ठ्या डकवल्यात.

नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून त्यांना काढून टाकलंय. कारण एकच. आलेल्या प्रत्येक शास्त्रीय चमत्काराखाली ते एकच शब्द लिहायचे: "कशावरून?"

अण्णांचं खरं रूप आम्हाला सोसायटीच्या सहलीत विजयदुर्गला दिसलं. गाइड 'साहेबाच्या कट्ट्या'शी थांबून रंगात सांगत होता, की 1868 च्या सूर्यग्रहणात लॉकियर साहेबानं इथंच उभं राहून हेलियमचा शोध लावला. चष्मा वर गेला. काकूंनी डोळे मिटले.

"तसं नाही हं ते. 18 ऑगस्ट 1868 ला ग्रहण झालं खरं. पण ते बघायला आलेला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होता तिकडे गुंटूरला आणि लॉकियर इंग्लंडात. त्यानं ऑक्टोबरात, ग्रहण नसतानाच, दुर्बिणीतून सूर्याच्या कडेची पिवळी रेघ टिपली, तीच हेलियमची."

गाइडचा चेहरा पडला. "म्हणजे साहेब आलाच नाही?"

"आला ना! तीस वर्षांनी आला. 22 जानेवारी 1898 चं ग्रहण बघायला, इथंच, विजयदुर्गला. आपले पुण्याचे नेगमवाला तेव्हा तिकडे जेऊरला दुर्बीण लावून होते. आणि मजा बघ. सूर्यात नवं मूलद्रव्य आहे म्हटल्यावर किती रसायनवाल्यांना ते पटलंच नव्हतं. सत्तावीस वर्षं! 1895 ला एका रसायनवाल्यालाच, रामसेला, तोच वायू पृथ्वीवर सापडला. मग एकसष्ट वर्षांचा लॉकियर इथं येऊन ग्रहण बघतो. तुझ्या गोष्टीपेक्षा खरी गोष्ट चांगली आहे की नाही?"

गाइडनं तारखा मोबाइलमध्ये लिहून घेतल्या. अण्णांनी त्याला ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिले. परत निघालो तेव्हा मागून पुढच्या घोळक्याला सांगणारा त्याचा आवाज आला, "तीस वर्षांनी साहेब आला, आणि या कट्ट्यावर बसून ढसाढसा रडला!" अण्णा गर्रकन वळले. काकूंनी त्यांची बाही घट्ट धरली होती म्हणून बस वेळेवर सुटली.

अण्णांनी कुठला शोध लावला नाही, लावणारही नाहीत. पण दंतकथा फुकट पसरते आणि ती दुरुस्त करायला कुणाला तरी वर्षानुवर्षं वाचत बसावं लागतं. हे काम अण्णा बिनपगारी करतात, वर स्वतःच्या खर्चानं केक आणतात. तुमच्या घरात नाही तर जिन्यात असं कुणी नक्की असेल. त्यांना बघून लिफ्टचं बटण घाईघाईनं दाबू नका. एखादं पुस्तक मागून न्या, आणि मुदतीत परत करा.