दहा मिनिटांचा सातपुडा

विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत आदिवासी नृत्याला दहा नर्तक आणि दहा मिनिटे मिळतात. घंटा वाजली की संस्कृतीने विंगेत जायचे. जळगावच्या विद्यापीठाचा ‘युवारंग’ याच जातकुळीतला, आणि नंदुरबारची महाविद्यालये त्याच विद्यापीठाशी संलग्न. आता नंदुरबारच्याच अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी पाहा. तिथे ढोल रात्रभर खाली ठेवला जात नाही, होळी पेटते ती पहाटे. कमरेला भोपळे नि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा टोप घातलेले बावा-बुध्या तोवर नाचतात. आधीच्या आठवड्यातले भोंगऱ्या बाजार आणि त्यातले ढोल-बासऱ्या वेगळ्याच.

कुणी म्हणेल, स्पर्धेला घड्याळ लागतेच. सगळे संघ रात्रभर नाचले तर निकाल पुढच्या शिमग्याला लागेल. मान्य. सातपुड्यातल्या धडगावच्या मुलाला जिल्ह्याबाहेरचा मंच मिळतो, हेही खरे आणि मोलाचे. पण मिनिटांचे भांडण नाहीच. बावा होणारा नवस बोलतो, उपास धरतो, जमिनीवर झोपतो. महाविद्यालयाच्या हजेरीपटावर मात्र या तयारीची नोंद ‘गैरहजर’ एवढीच. भाड्याच्या मोरपिसांत दहा मिनिटे उड्या मारणाऱ्याला प्रमाणपत्र. नव्या शैक्षणिक धोरणात सांस्कृतिक उपक्रमांना श्रेयांक आहेत. ते होळीच्या रात्रीलाही लावता येतील. अडचण एकच: सही करायला प्राध्यापकांना पहाटेपर्यंत जागावे लागेल, आणि त्याचा प्रवासभत्ता कोणत्या रकान्यात दाखवायचा, हे अजून ठरलेले नाही.