दोन थेंबांत माफी

'ब्रेकिंग बॅड' या मालिकेत जेन ही तरुणी झोपेत उलटीने गुदमरते. मालिकेचा नायक वॉल्टर व्हाइटने तिला नुसतं कुशीवर वळवलं असतं तरी वाचली असती. हा उभा राहून बघतो. डोळ्यांत पाणी येतं, हात काही पुढे होत नाही. चाहत्यांना तेवढं पाणी पुरतं: "आतून किती तुटलाय बघा!" अपराधाच्या ओझ्याने खरोखर खचतो तो त्याचा अमली पदार्थांच्या धंद्यातला साथीदार जेसी; पण तो पडला रडका. आणि वॉल्टरची बायको स्कायलर? नवऱ्याला 'कुठे होतास?' विचारते, म्हणजे कजागच! ती भूमिका करणाऱ्या ॲना गनला २०१३ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून सांगावं लागलं, की स्कायलरवरचा राग आता माझ्यावरच निघतोय. वॉल्टरचं काय, बिचारा मेथ शिजवून संसारच तर चालवत होता!