पहिल्या पंगतीचं आमंत्रण

माझी भाची टेक्सासात असते. तिला एका नव्याकोऱ्या फिजिकल थेरपी कॉलेजचं पत्र आलंय, ‘आमच्या पहिल्यावहिल्या तुकडीत तुमचं स्वागत!’ इमारत चकचकीत, उपचाराच्या टेबलांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. मिळायची आहे ती फक्त मान्यता.

अमेरिकेत ती देते ‘कॅप्टी’ नावाची संस्था. सध्या कॉलेजला ‘उमेदवार’ हा दर्जा आहे. म्हणजे मुलं घ्या, फी घ्या, शिकवा. पूर्ण मान्यतेची हमी मात्र नाही. निकाल लागायचा तो पहिली तुकडी बाहेर पडायच्या सुमारास. (आपल्याकडे निदान आधी पत्रिका बघतात आणि मग संसार मांडतात. इथे 3 वर्षं संसार करायचा आणि मग पत्रिका उघडायची.) नाकारलं, तर परवान्याच्या परीक्षेचं दारच बंद व्हायची भीती. मग डॉक्टरेट भिंतीवर आणि कर्ज डोक्यावर.

प्रवेश विभागातल्या बाई फोनवर म्हणाल्या, “तुमची मुलगी इतिहास घडवणार!”

ताई म्हणाली, “घडवू दे की. पण मान्यता नाही मिळाली तर फी परत द्याल, हे लेखी कळवा.”

त्याला आता तीन आठवडे झाले. जाहिरातीचे ईमेल रोज येतात.