मेन्यूत कोणाला घ्यायचं?

नवीन जालन्यात पत्ता विचारला तर रस्त्याचं नाव सहसा कोणी सांगत नाही. "मामा चौकातून सरळ जा, पूर्वी गिरणी होती तिथून डावीकडं." ज्यानं गिरणी पाहिली तो बरोबर पोचतो. परगावचा माणूस मात्र कुंडलिका ओलांडून जुन्या जालन्यात स्टेशनवर निघतो. वेबसाइटींचे मेन्यू बहुधा असेच पत्ते सांगतात.

ओळखीच्या एका काकांचा सळईचा घाऊक व्यापार. त्यांची वेबसाइट करायला घेतली, तेव्हा मी आधी साइटमॅपचा कागद मांडला: कोणतं पान कोणाच्या पोटात, आणि गिऱ्हाईक कुठून कुठं जाणार. काकांनी सगळं घर बैठकीत बोलावलं. थोरल्या भावाला 'आमची परंपरा' पहिलं हवं होतं, मधल्याला 'संचालकांचे मनोगत'. धाकट्याला मनोगत नव्हतं, पण थोरल्यांना पान आहे म्हटल्यावर त्यालाही फुटलं. काकूंनी फक्त गणेशोत्सवाच्या फोटोंची मागणी केली. काका म्हणाले, "आजोबांचा फोटो सगळ्यांच्या वर."

मेन्यू दोन ओळींत मावेना. मोबाइलवर तर तीन आडव्या रेषांमागे अख्खं एकत्र कुटुंब दडून बसलं. मी विचारलं, "काका, सळईचा भाव कुठं दाखवायचा?"

"भाव? तो फोनवर सांगतो ना!"

"आणि फोन नंबर?"

तो 'मनोगत'च्या तळाशी होता.

याच जिल्ह्यातल्या, घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी 1608 साली जन्मलेल्या समर्थांनी दासबोधाची मांडणी कशी केली ते मी मग सांगितलं. वीस दशक, प्रत्येकात दहा समास, आणि ग्रंथात काय आहे ते पहिल्याच समासात. कुठलीही ओवी घ्या, दशक-समास-क्रमांक सांगितला की सापडते. एकही समास अनाथ नाही. वेबसाइटवर मात्र अनाथ पानं ढीगभर असतात: पान आहे, पण तिथं नेणारी एकही लिंक नाही. काकांनी हात जोडले आणि म्हणाले, "समर्थांना भाऊ एकच होता."

शोधयंत्रांसाठी साइटमॅपची वेगळी फाइल असते. गूगलनं ती पद्धत 2005 साली आणली, पुढच्या वर्षी याहू आणि मायक्रोसॉफ्टही तिच्यात आले. एका फाइलीत 50,000 पत्ते मावतात, हे ऐकताच काकांचा चेहरा उजळला. "मग जावयांनाही घ्या की!" त्या यादीत नाव आलं म्हणून गिऱ्हाईक येत नाही, आणि गूगल पान दाखवीलच याची हमीही नाही, हे पटवायला बराच चहा लागला.

शेवटी मेन्यूत चारच गोष्टी राहिल्या: भाव, वजनाचा तक्ता, माल पोच, संपर्क. घरातली मंडळी 'आमच्याबद्दल'मध्ये एकत्र नांदू लागली.

पण नकाशा एकदा काढून भागत नाही. दिवाळीच्या कॅलेंडरवर भावाच्या पानाचा क्यूआर कोड छापला गेला आणि उत्साही पुतण्यानं संक्रांतीला त्याच पानाचा पत्ता बदलला. गावोगावच्या भिंतींवरून लोक '404'वर जाऊन आदळू लागले. काही जणांनी तो टनामागचा वाढीव भाव समजून फोनवर घासाघीस केली. जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेणारी सोय लावली, तेव्हा तो बाजार शांत झाला.

वर्षअखेरीस आकडे पाहिले. सगळ्यात जास्त लोक वजनाच्या तक्त्यावर येत होते. व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे मीटरमागे किलो. बारा मिलिमीटरची बारा मीटर सळई साधारण 10.67 किलो भरते. ठेकेदार, मिस्त्री, घर बांधणारे गुरुजी, सगळे तिथंच. 'आमच्याबद्दल'मध्ये घरचेच येऊन जात.

काकांनी तक्ता बराच वेळ न्याहाळला. धंद्याचा माणूस, गर्दी कुठं आहे ते त्यांना लगेच कळलं.

"मग आजोबांचा फोटो इथंच लावा," ते म्हणाले. "आठ आणि दहा मिलिमीटरच्या मधे."