एका दांड्यासाठी दोनदा धुळे

वडिलांची प्रीमियर पद्मिनी जळगावच्या गॅरेजात बॉनेटचा आ वासून उभी होती. आजार जुनाच. चढावर दम लागायचा, काबरेटरमधून अवचित शिंक यायची आणि आत कुणी अडकित्त्याने सुपारी कातरत बसल्यासारखी टकटक चालायची. टॅपेट सेट केले की टकटक चार दिवस माहेरी जायची, पाचव्या दिवशी परत हजर.

शेवटी मिस्त्रींनी रेडिएटर, रॉकर, टायमिंग चेन असा एकेक नग उतरवून गोणपाटावर मांडला आणि इंजिनाच्या पोटातून कॅमशाफ्ट ओढून काढला. काळा तेलकट दांडा, त्यावर अंड्याच्या आकाराचे आठ उंचवटे.

"बोट फिरवा, सर."

फिरवलं. सात उंचवट्यांना नाक होतं, तिसरा बटाट्यासारखा गुळगुळीत.

"हे नाक टॅपेटला उचलतं, तेव्हा व्हॉल्व्ह उघडतो. नाक गेलं, की दार नुसतं किलकिलं होतं. तीन सिलिंडर गाडी ओढतात, चौथा पंगतीला बसतो."

"नवा कुठे मिळेल?"

"धुळ्याला."

जळगावात सोनं मिळतं, केळी मिळतात, भरताची वांगी मिळतात; क्याम मात्र धुळ्याला. कुर्ल्यात बनणारी ही गाडी बंद होऊन दोन तपं उलटली. मुंबईतल्या तिच्या काळ्यापिवळ्या बहिणींनीही २०२३च्या ऑक्टोबरात रस्ता सोडला. तेव्हा धुळ्यात एखादा दांडा शिल्लक आहे, हेच नशीब म्हणायचं.

सकाळची एसटी धरली. पाळधी, एरंडोल, पारोळा, धुळे, ९० किलोमीटर. सरकारने या रस्त्याला ५३ नंबर दिला, तरी आमच्याकडे तो अजून सहा नंबरचाच हायवे आहे. दुकानदाराने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "जुना नग आणला का?"

नव्हता आणला. वऱ्हाड दारात आणि नवरदेव घरी, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कागदावर चित्र काढून दिलं. १८८४ साली नोकरीला लागलेल्या तरुण विश्वेश्वरय्यांनी इथल्याच पांझरा नदीतून सायफन नेला होता, पण त्यांचं ड्रॉइंग माझ्यापेक्षा बरं असणार. माझा कॅमशाफ्ट भेंडीसारखा दिसत होता. "बठा, चहा ल्या," दुकानदार म्हणाला. मी चहा घेऊन आणि झणझणीत शेवभाजीने नाकाडोळ्यांतून पाणी काढून रिकाम्या हाताने परतलो.

दुसऱ्या दिवशी जुना दांडा वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर. एरंडोल येईपर्यंत तेलाने कागदाचं मुखपृष्ठ खाल्लं आणि एक टोक बाहेर डोकावलं. शेजारच्या मावशींनी ते निरखलं.

"हाई काय शे, भाऊ? मुसळ शे का?"

"गाडीनं शे, मावशी."

"मंग गाडी कोठे शे?"

"जळगावले."

"अन् तू एसटीमा?"

अर्धी एसटी हसली. उरलेल्या अर्ध्या एसटीने दांडा बघायला मागितला. तो हातोहात मागच्या सीटपर्यंत गेला. प्रत्येकाने तिसऱ्या उंचवट्यावर बोट फिरवलं, च्‌ च्‌ केलं आणि रुमालाला हात पुसला. एकाने तेल वेळेवर न बदलल्याचं निदान केलं, दुसऱ्याने थेट माझ्या गिअर टाकण्याच्या पद्धतीला दोष दिला, तोही मला कधी गाडी चालवताना न पाहता. कामाचं बोलला तो पारोळ्याला उतरणारा ट्रॅक्टरवाला. दांडा परत देताना म्हणाला, "टॅपेटबी आठही नवे घ्या भाऊ. थकल्या बैलाशेजारी गोऱ्हा जुंपू नका. जुने टॅपेट नव्या क्यामचं नाक महिनाभरात खातील."

धुळ्याच्या काउंटरवर जुना आणि नवा दांडा शेजारी शेजारी निजवण्यात आला. दुकानदाराने व्हर्नियर लावला. फरक दीड मिलिमीटर. दीड मिलिमीटरसाठी मी ३६० किलोमीटरचा प्रवास करत होतो!

मिस्त्रींनी नव्या दांड्याला हळदीच्या नवरीसारखं वंगण चोपडलं, तो आत सरकवला, दोन्ही चक्रांवरच्या खुणा समोरासमोर आणल्या आणि चेन चढवली. "क्रँक दोनदा फिरतो तेव्हा हा एकदा फिरतो, सर."

"ठाऊक आहे. मी दोनदा फिरलो, तेव्हा हा एकदा आला."

मग पहिली वीस मिनिटं इंजिन चढत्या आवाजात ठेवलं. नवा क्याम आणि नवे टॅपेट एकमेकांवर बसायचे तर सुरुवातीला स्लोवर सोडायचं नाही. तेल वरपर्यंत जोरात उडालं पाहिजे. गल्ली धुराने भरली, माणसं जमली, कुणीतरी लहान मूल घरात नेलं. धूर विरला तेव्हा टकटक नव्हती.

आम्ही मेहरूण तलावापर्यंत चक्कर मारली. गाडी चढाला शिंकली नाही. मी कौतुकाने काच खाली केली आणि तेव्हा पायाखालून खडखड ऐकू आली.

"ही जुनीच आहे," मिस्त्री म्हणाले. "टकटकीखाली दबली होती. प्रोपेलर शाफ्ट."

"कुठे मिळेल?"

"धुळ्याला. पण या वेळी जुना नग आधीच काढून देतो."

प्रोपेलर शाफ्ट माझ्या छातीला लागतो. मी कंडक्टरचा चेहरा डोळ्यांसमोर आणत गिअर बदलला.