ऐन समेवर

विलंबित एकतालाचं एक आवर्तन पुरं व्हायला पाऊण मिनिट सहज लागतं. मात्रा बाराच, पण गाणारा तेवढ्यात कुठे कुठे हिंडून येतो आणि आपण त्याच्या मागोमाग. दहाव्या मात्रेचं तिरकिट ऐकू आलं की कळतं, स्वारी आता घराकडे वळली. मुखडा उचलला जातो, आपली मान तयारीत येते, हात अर्धा वर जातो, आणि सम येतच नाही. कानात शुकशुकाट. आवाज परत येतो तेव्हा गायक पुढच्या आवर्तनाला निघालेला असतो आणि वेताळ टेकडीवर एक मनुष्य हात वर करून, चेहऱ्यावर 'वा' घेऊन उभा असतो. फिरायला आलेल्या बायका त्याला जरा वळसा घालून जातात.

हा मनुष्य मी. कानातले बिनवायरचे बड्स लेकीने वाढदिवसाला दिलेले. वायरच्या इअरफोनला हा रोग नव्हता असं नाही, पण तिथे गुन्हेगार सापडायचा. पिनेजवळ वायर आतून तुटलेली असायची. ती ठरावीक कोनात वाकवून अंगठ्याने दाबून धरली की दोन्ही कान सुरू. तो कोन ज्याचा त्यालाच ठाऊक. रबर बँड, चिकटपट्टी, बसच्या तिकिटाची घडी, अशा उपचारांवर माणसं वर्ष वर्ष काढत. बिनवायरीच्या दुखण्याला जागाच नाही. कुठे दुखतंय हे दाखवता येत नाही, त्यामुळे इलाज प्रत्येकाला सुचतो.

आणि टेकडीवर सकाळी सहा ते आठ पुण्यातलं सगळं निवृत्त ज्ञान चढून आलेलं असतं. बँकेतून निवृत्त झालेले एकजण म्हणाले, टॉवर. दूरध्वनी खात्यातले म्हणाले, टॉवरचा काय संबंध, गाणं फोनमध्येच भरलेलं आहे ना, मग हे चायनीज मालाचं लक्षण. आयुर्वेदाकडे ओढा असलेल्या गृहस्थांनी कानात कोमट तेल सोडायला सांगितलं. बड्स काढून, असं त्यांनी आपणहून स्पष्ट केलं ते बरं झालं. एकांच्या मते बुध वक्री होता. सगळ्यांत त्यांचंच निदान मला त्यातल्या त्यात शास्त्रीय वाटलं, कारण त्याला मुदत होती. बुध तीनेक आठवड्यांत मार्गी लागतो. तो लागला. बड्स लागले नाहीत.

कंपनीच्या मदतवाहिनीवरचा मुलगा फार नम्र होता.

"सर, फोन रिस्टार्ट केलात?"

केला.

"बड्स डबीत ठेवून परत काढलेत?"

ठेवले, काढले.

"मग सर, आता फर्गेट करा."

म्हणजे ब्लूटूथच्या यादीत बड्सच्या नावापुढे एक बटण असतं, ते दाबलं की फोन त्यांना साफ विसरतो. मग पहिल्यापासून ओळख करून द्यायची. जोडणीच्या जुन्या नोंदीत घोळ झाला असेल तर हा इलाज खरोखर लागू पडतो. माझ्या घरात त्याचा परिणाम एवढाच झाला की स्वयंपाकघरातून आवाज आला, "असं बटण इतर बाबतीत नसतं, हेच वाईट."

मग दुकान. दहा बाय दहाचा गाळा, तीन बाजूंना भिंती, चौथ्या बाजूला काच. पोराने बड्स स्वतःच्या कानात घातले, माझ्या फोनवर कुठलंतरी ढिंच्याक लावलं, दुकानात दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "काका, एकदम मख्खन चालतंय." डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्यावर दाढ ठणकायची थांबते, तसं झालं. मी घातले, तर माझ्याही कानात मख्खन. तिथे उभ्याउभ्या एक अख्खा भटियार ऐकला, एक सम गेली नाही. गिऱ्हाईक खोळंबलं म्हणून निघालो. दुसऱ्या दिवशी टेकडीवर परत तेच. घरात चालतं, दुकानात चालतं, जिन्यात चालतं, आणि जिथे माणसाला शांतपणे ऐकायचं असतं त्या मोकळ्या माळावर चालत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

शनिवारी लेक आली. "बाबा, सेटिंग गंडलंय तुमचं." फोनच्या माहितीत शिरून तिने बिल्ड नंबर नावाच्या ओळीवर सात टिचक्या मारल्या, तर फोन म्हणाला की आता तुम्ही डेव्हलपर झालात. निवृत्तीनंतर एवढी बढती मिळालेला आमच्या खात्यात मी पहिलाच. त्या बढतीमुळे एक गुप्त दालन उघडलं आणि तिथे कोडेक दिसलं. आवाज बारीक करून हवेतून पाठवायच्या रीतीला कोडेक म्हणतात. एसबीसी नावाची साधी रीत सगळ्यांकडे असते. एलडीएसी ही उंची रीत, तिला सेकंदाला ३३०, ६६० आणि ९९० किलोबिट अशा तीन चाली. "तुम्ही शास्त्रीय ऐकता ना, मग ९९० हवं," असं म्हणून तिने ते लावून दिलं. आधी नुसती सम जायची, आता खालीही जाऊ लागली. कारण साधं आहे. हवेत एखादं पाकीट गहाळ झालं तर ते परत पाठवावं लागतं, आणि ९९० वर आधीच इतका माल चाललेला असतो की परत पाठवायला उसंत राहत नाही. ३३० वर आणल्यावर पुष्कळ सुधारलं. त्या दोहोंतला फरक आपल्याला ऐकू येतो असं म्हणणारे लोक मला भेटलेत. त्यांनी ९९० जरूर लावावं आणि घरात बसून ऐकावं.

तिने आणखीही दोन चोर पकडले. एक, फोनची बॅटरी वाचवायची वृत्ती. पडदा काळा झाला की फोनला वाटतं मालक झोपले, आणि तो गाण्याच्या अ‍ॅपलाही झोपवतो. तुमचं गाणं तुटत नसून ठार बंद पडत असेल, तर तो हा चोर. बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या एका अ‍ॅपला सूट देऊन टाकावी. दुसरा चोर म्हणजे बड्सची दोन घरी नांदायची सवय. ते एकाच वेळी माझ्या फोनला आणि लेकीच्या लॅपटॉपला जोडलेले होते. तिच्या ऑफिसातून 'टिंग' आलं की इकडे तोडी थांबायची.

एवढं सगळं होऊनही टेकडीवर सम जातच होती. तेव्हा मी या ब्लूटूथचं घराणं शोधायला घेतलं. आपल्याकडे गाणं बिघडलं की घराण्याकडेच बघतात. हे नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड राजाचं. त्याला 'निळदात्या' म्हणत, बहुधा एखादा दात मेलेला असावा. त्याने डेन्मार्क आणि नॉर्वे एका सत्तेखाली आणले, म्हणून १९९७ साली इंटेलच्या जिम कार्डाक यांनी फोन आणि संगणक जोडणाऱ्या तंत्राला त्याचं नाव सुचवलं. चिन्हही त्याच्याच आद्याक्षरांच्या जुन्या रून लिपीतल्या अक्षरांचं. पुढची हकीकत मात्र जाहिरातीत सांगत नाहीत. हॅराल्डविरुद्ध त्याच्या पोटच्या पोराने, स्वेनने, बंड केलं, राजाला राज्य सोडून पळावं लागलं आणि त्यातच त्याचा अंत झाला. ज्याच्या नावाने जगभर जोडण्या चालतात, त्याचं घरातल्या घरात पेअरिंग टिकलं नाही.

तंत्र मात्र गवयाला लाजवणारं आहे. आपल्याकडे गायक काळी एक म्हणा, पांढरी चार म्हणा, एक पट्टी धरतो आणि मैफल संपेपर्यंत सोडत नाही. ब्लूटूथकडे एकेका मेगाहर्ट्झच्या ७९ पट्ट्या आहेत आणि ते सेकंदाला १६०० वेळा पट्टी बदलतं. फोन आणि बड्स ठरलेल्या क्रमाने बरोबर उड्या मारतात. उड्या मारण्याच्या या कल्पनेचं एक पेटंट १९४२ साली हॉलिवूडची नटी हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी घेतलं होतं. पाणतीराला दिलेले हुकूम शत्रूला अडवता येऊ नयेत म्हणून. त्यांनी ८८ पट्ट्या धरल्या होत्या, पियानोला तेवढ्याच असतात.

उड्या मारायच्या कारण हा पट्टा गर्दीचा. २.४ गिगाहर्ट्झ. रेडिओसुद्धा पोस्टात लायसन भरून ऐकायचे दिवस माझ्या पिढीने पाहिलेत. हा पट्टा आपल्या सरकारने २००५ साली कमी ताकदीच्या उपकरणांसाठी परवान्यातून मोकळा केला, आणि जिथे लायसन लागत नाही तिथे काय होतं हे वेगळं सांगायला नको. वायफाय तिथेच, बिनवायरचा माऊस तिथेच, मायक्रोवेव्हही तिथेच. आमच्या घरी पोहे गरम होत असताना मी ओट्यापाशी उभा राहिलो की गाणं फुटतं. भट्टीतून बाहेर निसटतं ते नगण्यच, माणसाला त्याचा काही उपद्रव नाही, पण बड्सच्या बिचाऱ्या मिलिवॉटपुढे ती आरोळी ठरते. "मायक्रोवेव्ह चालू असताना मी तिथे येऊ शकत नाही," असं मी सौभाग्यवतींना शास्त्राधारे सांगितलं. "बंद असताना कधी आलात?" त्या म्हणाल्या. आणि दादरच्या पुलावर सकाळी साडेनऊला ब्लूटूथवर काही ऐकायचा हट्ट कुणी धरू नये. तिथे प्रत्येक कानात एक जोडी आहे, प्रत्येकजण त्याच ७९ पट्ट्यांवर उड्या मारतोय. वाईट पट्ट्या वगळून चांगल्या निवडायची अक्कल या तंत्राला २००३ पासून आहे, पण निवडायला काहीतरी उरायला हवं.

पण टेकडीवर? तिथे ना वायफाय, ना पोहे. मोर आहेत, जुनी दगडाची खाण आहे, पैलतीरापर्यंत मोकळी हवा आहे. मोरांवर संशय घेण्यापर्यंत मजल गेली होती, तेवढ्यात भौतिकशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापक बाई वेताळबाबाच्या देवळापाशी भेटल्या. त्यांनी माझी कहाणी अर्ध्यातच थांबवली.

"फोन कुठे ठेवता?"

"उजव्या खिशात. ट्रॅकपँटच्या."

"दोघांपैकी फोनशी बोलणारा बड कुठला?"

हे लेकीने शोधून ठेवलं होतं. "डावा. उजव्याला तोच सांगतो."

"म्हणजे फोन उजव्या मांडीपाशी आणि ऐकणारा डाव्या कानात. मधे काय आहे?"

मी विचार करून म्हटलं, "मी."

"तेच," बाई म्हणाल्या आणि बाटलीतलं पाणी प्यायल्या. मला वाटतं तो पुरावा होता.

माणसाच्या देहात निम्म्याहून अधिक पाणी, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. मायक्रोवेव्हमध्ये पोहे त्यामुळेच तापतात. माझ्या मांडीपासून डाव्या कानापर्यंत सरळ जायचं तर आख्खं पोट, छाती आणि मान पार करावी लागते, आणि पोटाबद्दल मी इथे जास्त बोलत नाही. मग घरात कसं चालतं? घरात लहर माझ्यातून जातच नाही. ती भिंतीवर आपटते, छतावर आपटते आणि बाहेरून वळसा घालून डाव्या कानाशी येते. दुकानातल्या त्या पोराचं मख्खन हे भिंतींचं मख्खन होतं. टेकडीवर आपटायला भिंतच नाही. निघालेली लहर पाषाणच्या दिशेने जी गेली ती गेली.

"पण मग नेमकी समेवरच का जाते?" मी विचारलं. त्यांनी मला गाणं लावून चालायला सांगितलं आणि मागून बघत राहिल्या. उत्तर असं निघालं की समेच्या आधी मी मान डावीकडे झुकवून मागे नेतो. डावा कान त्यामुळे खांद्यापाशी आणि डोक्याच्या पार आड जातो, आणि जेमतेम पोचणारी लहर तिथे पोचेनाशी होते. आलापात मी ढिम्म चालत असतो, म्हणून आलाप शाबूत. थोडक्यात, गाणं आवडलं की बंद पडतं. नावडत्या गवयाचं पूर्ण रेकॉर्ड विनाखंड ऐकू येतं, हे मी नंतर ताडून पाहिलं. इथे नाव घेत नाही.

घरी येऊन मोठ्या उत्साहाने सांगितलं की लहरी माझ्या डोक्यातून आरपार जात नाहीत. "हे सांगायला प्राध्यापक कशाला लागल्या?" एवढंच उत्तर मिळालं. पूर्वी गच्चीवरचा अँटेना धरून मी उभा राहिलो की चित्र स्वच्छ यायचं आणि सगळी चाळ मला 'तसाच राहा' म्हणायची. त्या देहाची आता ही किंमत.

तर ज्यांचं गाणं चालताना तुटतं, त्यांनी कंपनीला फोन करण्याआधी स्वतःचा फोन हलवून बघावा. ऐकणारा बड ज्या बाजूचा, त्या बाजूच्या वरच्या खिशात. सदऱ्याला असा खिसा शिवून घेणं हा मला सापडलेला सगळ्यांत स्वस्त अँटेना आहे. शिंप्याने विचारलं, आजोबा, कशासाठी? मी सांगितलं, समेसाठी. त्याने माप घेतलं.

आता एक विनंती. साडेतीन मिलिमीटरचं ते गोल भोक, ज्याचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला लागले, २०१६ साली आयफोन ७ मधून गेलं आणि नंतर एकेका कंपनीने ते बुजवलं. त्यातून आलेली सम कधी मांडीत अडकली नाही. तुमच्या घरी कपाटात ते भोक असलेला चालू फोन पडला असेल, तर मोडीत घालू नका, आधी मला विचारा. मी सकाळी साडेसहाच्या सुमारास खाणीपाशी असतो. फक्त हाक समोर येऊन मारा, मान मागे वळवायला लावू नका.