भावना दुखावलेल्यांना दिलासा

विनोदी कार्यक्रमाची एखादी क्लिप फिरायला लागली की ज्यांचा रक्तदाब वाढतो, मग कार्यकर्त्यांना फोन जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस ठाण्यात निवेदन दाखल होतं, अशा सर्वपक्षीय मान्यवरांसाठी आजचं सदर राखीव आहे. साहेब, दादा, भाऊ, ताई, ज्यांनी त्यांनी आपापलं संबोधन लावून घ्यावं. तुम्हाला एक गोड बातमी द्यायची आहे. राजकीय विनोदाने बड्या माणसाचं काहीही वाकडं होत नाही. पुराव्याला वजन यावं म्हणून तो थेट अमेरिकेतून मागवला आहे.

पुराव्याचं नाव जॉन स्ट्युअर्ट. मूळ आडनाव लिबोविट्झ. जन्म १९६२, न्यू यॉर्क. लहानाचा मोठा झाला न्यू जर्सीत. वडील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. मुलगा कॉलेजात मानसशास्त्र शिकला आणि फुटबॉल खेळला. १९८४ मध्ये पदवी हातात आली. त्यानंतर बारमध्ये ग्लास भरणं, अपंग मुलांसाठी बाहुल्यांचे खेळ, सरकारी कचेरीत कागद पुढे सरकवणं आणि सरकारी प्रयोगशाळेसाठी डास निवडणं, असा बहुरंगी अनुभव गाठीशी जमला. पुढे नाव झालं की याला धडपड म्हणतात. तोवर ‘मुलगा हल्ली काय करतो?’ असं कोणी विचारलं की आईला चहा टाकायला आत जावं लागतं.

१९८७ मध्ये तो न्यू यॉर्कच्या एका क्लबात माइकसमोर उभा राहिला. मग ‘कॉमेडी सेलर’ या तळघरातल्या क्लबात रात्री दोनची वेळ मिळाली, ती बराच काळ सुटली नाही. रात्री दोनला जो प्रेक्षक उरलेला असतो त्याला घरी जायचं नसतं किंवा घरी कोणी घेत नसतं. अशांना हसवता आलं की माणूस संसदेला घाबरत नाही. १९९३ मध्ये एमटीव्हीवर स्वतःचा कार्यक्रम मिळाला, १९९५ मध्ये तो गुंडाळला. आणि ११ जानेवारी १९९९ रोजी ‘कॉमेडी सेंट्रल’ वाहिनीवरच्या ‘द डेली शो’ची खुर्ची त्याच्याकडे आली.

हा कार्यक्रम आधी अडीच वर्षं चालू होता. बातम्यांच्या सोंगात सिनेनटांची आणि कुठल्या तरी खेड्यातल्या विक्षिप्त माणसाची टिंगल, असा एकंदर बाज. स्ट्युअर्टने हळूहळू तोंड फिरवलं ते सत्तेकडे, आणि त्याहून जास्त, सत्तेच्या बातम्या देणाऱ्यांकडे. २००० च्या निवडणुकीची मोजणी फ्लोरिडात अडकून पडली तेव्हा या खोट्या बातम्या खऱ्यांपेक्षा समजायला सोप्या आहेत, असं लोकांच्या ध्यानात आलं. पत्रकारितेसाठीही दिला जाणारा पीबडी पुरस्कार त्या वार्तांकनाला मिळाला. म्हणजे विडंबनकाराला मूळ गायकाचं पारितोषिक!

त्याचं हत्यार काय होतं, हे जरा जवळून पाहू, कारण तुम्हाला खरी भीती त्याचीच वाटते. हत्यार म्हणजे जुनी टेप. कार्यक्रमाच्या कचेरीत वृत्तवाहिन्यांचं सगळं प्रक्षेपण रेकॉर्ड व्हायचं आणि नोकरीला ठेवलेली मुलं ते बघत बसायची. आज नेता काय म्हणाला ते घ्यायचं, चार वर्षांपूर्वी काय म्हणाला होता ते शोधायचं आणि शेजारी शेजारी लावायचं. २००३ मध्ये इराकवर सैन्य गेल्यावर त्याने एक वादसभा भरवली. एका बाजूला २००० सालचे टेक्सासचे गव्हर्नर बुश, दुसऱ्या बाजूला २००३ चे राष्ट्राध्यक्ष बुश, मधे सूत्रसंचालक स्वतः. गव्हर्नर बुश ठामपणे सांगत होते की दुसऱ्यांचे देश उभारून देणं हे आपल्या सैन्याचं काम नव्हे. राष्ट्राध्यक्ष बुश तितक्याच ठामपणे दुसऱ्यांचा देश उभारायला निघाले होते. दोघांचेही शब्द खरे. एरवी स्ट्युअर्ट बऱ्याचदा मधे काही बोलायचासुद्धा नाही. भुवई वर, हातातलं पेन कागदावर थांबलेलं, आणि प्रेक्षकांकडे बघणं. आपल्या वगातला सोंगाड्या राजाच्या प्रत्येक वाक्यानंतर प्रेक्षकांकडे बघतो, तस्संच.

आता पुराव्याकडे या. या वादसभेत बुशसाहेब स्वतःकडूनच हरले. पुढच्या वर्षी, २००४ मध्ये, बुशसाहेब पुन्हा निवडून आले.

त्याच वर्षीचा दुसरा दाखला. १५ ऑक्टोबर, सीएनएन, कार्यक्रम ‘क्रॉसफायर’. एक डावा, एक उजवा, मधे पाहुणा आणि अर्धा तास कलकलाट. (मराठी प्रेक्षकांना वेगळं समजवायला नको. आपल्याकडे चौकटी फक्त जास्त असतात.) डावीकडून पॉल बेगाला, उजवीकडून टकर कार्लसन, गळ्यात बो टाय. स्ट्युअर्ट आला होता स्वतःच्या पुस्तकाचा गाजावाजा करायला. पण बसल्या बसल्या तो यजमानांना विनवायला लागला की हे बंद करा, देशाचं नुकसान करताय, ही चर्चा नाही, हे नाटक आहे. स्टुडिओतले लोक हसू की नको अशा अवस्थेत. कार्लसनने उलटा प्रश्न टाकला, तू बुशविरोधी उमेदवार जॉन केरीला कसले मऊ मऊ प्रश्न विचारलेस? यावर स्ट्युअर्टचं उत्तर प्रसिद्ध आहे: माझ्या कार्यक्रमाआधी बाहुल्या लोकांना खोडसाळ फोन करतात, तुम्ही सीएनएन आहात.

टाळ्या पडल्या खऱ्या, पण ही पळवाट आम्हाला कधीच पटली नाही. २००७ मध्ये प्यू संशोधन केंद्राने अमेरिकनांना विचारलं, तुम्हाला सर्वांत जास्त आदर वाटतो असा पत्रकार कोण? यादीत हा गृहस्थ डॅन रॅदर आणि टॉम ब्रोकॉ यांच्या पंगतीला, चौथ्या क्रमांकावर बसलेला निघाला. इतक्या लोकांनी पानात वाढल्यावर ‘मी तर नुसता आचाऱ्याकडे आलो होतो’ म्हणणं शोभत नाही. मात्र दोष त्याचा एकट्याचा नव्हे. खऱ्या पत्रकारांनी सोडलेली जागा लोकांनी विनोदवीराला देऊ केली, आणि भाडं मागितलं नाही.

जानेवारी २००५ मध्ये ‘क्रॉसफायर’ बंद होणार असल्याचं जाहीर झालं. सीएनएनचे प्रमुख म्हणाले, स्ट्युअर्टचं म्हणणं मला पटतं. तुमचे चेहरे पडले असतील, पण थांबा. कार्लसन पुढे बो टाय सोडून फॉक्सवर गेला आणि अमेरिकेतल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या निवेदकांत जाऊन बसला. टिंगल अंगी लागते ती अशी.

२००९ मध्ये शेअर बाजार कोसळल्यावर पाळी आली जिम क्रेमरची. बाह्या सरसावून, बटणं बडवून, घंटा-शिट्ट्यांच्या आवाजात शेअर सुचवणारा सीएनबीसीचा हा निवेदक १२ मार्चला स्ट्युअर्टसमोर बसला आणि शाळेत पालकांना बोलावलेल्या मुलासारखा मान डोलवत राहिला. कारण स्ट्युअर्टकडे पुन्हा जुनी टेप होती, आणि तीत खुद्द क्रेमरच बाजार कसा हलवतात ते रंगवून सांगत होता. दुसऱ्या दिवशी सगळी वर्तमानपत्रं म्हणाली, क्रेमर संपला. क्रेमर त्यानंतरही त्याच वाहिनीवर शेअर सुचवतच राहिला.

३० ऑक्टोबर २०१० रोजी तर स्ट्युअर्ट आणि त्याच्याच तालमीतला स्टीफन कोल्बेर यांनी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर मेळावा घेतला. मागणी एकच, जरा समंजसपणे बोला. सीबीएसने करवून घेतलेल्या मोजणीनुसार दोन लाखांवर माणसं जमली. वडापाव न वाटता! तीन दिवसांनी मतदान झालं आणि ज्यांची तो वर्षभर हजेरी घेत होता त्या रिपब्लिकन पक्षाने प्रतिनिधीगृहात ६३ जागा वाढवून बहुमत घेतलं.

आणि डोनाल्ड ट्रम्प यांच्याबद्दल काय सांगावं? १६ जून २०१५ रोजी सरकत्या जिन्यावरून उतरून त्यांनी उमेदवारी जाहीर केली, तेव्हा स्ट्युअर्टला आनंद लपवता आला नव्हता. ६ ऑगस्टला त्याने निरोपाचा कार्यक्रम केला. ट्रम्प दोनदा राष्ट्राध्यक्ष झाले.

प्रामाणिकपणे एक अपवाद नोंदवायला हवा. स्ट्युअर्टच्या वार्ताहरांत आसिफ मांडवी नावाचा नट होता, मुंबईत जन्मलेला. २०१३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात मतदाराच्या ओळखपत्राचा नवा कायदा आला. त्यावर मांडवीने रिपब्लिकन पक्षाच्या एका स्थानिक पदाधिकाऱ्याची मुलाखत घेतली. चेहरा अत्यंत गंभीर ठेवून त्याने समोरच्याला नुसतं बोलू दिलं, आणि तो गृहस्थ काळ्या मतदारांबद्दल मनातलं सगळं बोलून बसला. मुलाखत दाखवली गेली आणि त्याचं पद गेलं. पण पद कसलं, तर आपल्याकडे बूथप्रमुख म्हणतात तेवढंच. कायदा करणारे आमदार जागच्या जागी. सर्वपक्षीय प्रथा इथेही पाळली गेली, हे पाहून बरं वाटतं.

मग स्ट्युअर्टला कोणी घाबरायचंच नाही का? घाबरायचं, पण केव्हा ते नीट समजून घ्या.

११ सप्टेंबर २००१ नंतर ढिगाऱ्यावर काम केलेले अग्निशामक, पोलीस आणि मजूर पुढे धुळीने आजारी पडले, कर्करोगाने मरू लागले. त्यांच्या उपचारांचं विधेयक सिनेटमध्ये अडवून ठेवलेलं होतं. भाषणात त्या वीरांना वंदन करणारेच अडवत होते आणि मोठ्या वाहिन्यांना त्यात बातमी दिसत नव्हती. १६ डिसेंबर २०१०, वर्षातला शेवटचा भाग. स्ट्युअर्टने चार आजारी माणसांना टेबलाभोवती बसवलं आणि आपली अख्खी वेळ या एका विषयाला दिली. सिनेटर काय काय म्हणत होते त्याच्या क्लिपा लावायच्या आणि त्यांना विचारायचं, यावर तुमचं काय म्हणणं? माणसं आवाज न चढवता बोलत होती. कोणी सांगत होतं की दुसऱ्याचे आजार आपल्याहून भारी आहेत. स्ट्युअर्टच्या चेहऱ्यावरची ती ठरलेली भुवई त्या दिवशी जागची हलली नाही. २२ डिसेंबरला विधेयक मंजूर झालं.

पैसे पुन्हा संपत आले तेव्हा, जून २०१९ मध्ये, तो संसदीय समितीसमोर गेला. मागे आजारी माणसांची दाटी, समोर सदस्यांच्या बऱ्याच खुर्च्या रिकाम्या. तो ओरडला, रडला, विनोद जवळजवळ केलाच नाही. पुढच्याच महिन्यात सिनेटने ९७ विरुद्ध २ मतांनी निधी मंजूर केला आणि भरपाईचे दावे २०९० पर्यंत करता येतील अशी तजवीज झाली. २०२२ मध्ये इराक-अफगाणिस्तानात कचरा जाळण्याच्या खड्ड्यांशेजारी राहून आजारी पडलेल्या सैनिकांसाठीही हाच प्रयोग झाला, आणि तोही कायदा मंजूर झाला.

हे गणित जरा वहीत मांडून ठेवा. सोळा वर्षं तो हसत होता, तोवर तुमच्या व्यवसायबंधूंचं सगळं क्षेमकुशल होतं. ज्या दिवशी त्याने हसणं थांबवलं त्या दिवशी सहीसाठी पेन शोधावं लागलं.

ज्यांनी हे गणित उलटं मांडलं त्यांचं हसं झालं. २००९ मध्ये ‘डेली शो’चा वार्ताहर तेहरानमध्ये हेर असल्याचं सोंग घेऊन माझियार बहारी या पत्रकाराशी बोलला. काही दिवसांनी बहारींना अटक झाली आणि तपास अधिकाऱ्यांनी ती विनोदी मुलाखतच हेरगिरीचा पुरावा म्हणून त्यांच्यापुढे ठेवली. ११८ दिवस तुरुंगात गेले. पुढे स्ट्युअर्टने त्यावर सिनेमा काढला. इजिप्तमध्ये बासिम युसुफ या हृदय-शल्यविशारदाने स्ट्युअर्टची तऱ्हा उचलून अफाट लोकप्रिय कार्यक्रम केला. मोर्सींच्या राजवटीत त्याची चौकशी झाली, सीसींच्या राजवटीत कार्यक्रमच संपला.

अमेरिकेत असं होत नाही, तिथे सगळं कागदोपत्री चालतं. २०२५ च्या जुलैत सीबीएसची मालक पॅरामाउंट कंपनी ट्रम्प यांनी लावलेल्या दाव्यात १ कोटी ६० लाख डॉलरना तडजोड करून मोकळी झाली. १७ तारखेला त्याच सीबीएसवरचा कोल्बेरचा कार्यक्रम बंद होणार असल्याचं जाहीर झालं. कारण निव्वळ आर्थिक, असं कंपनीने सांगितलं. २४ तारखेला कंपनीच्या विलीनीकरणाला सरकारी मंजुरी मिळाली. त्याच वर्षी मार्चमध्ये एका विनोदी कार्यक्रमावरून मुंबईत खारच्या स्टुडिओत आपल्या कार्यकर्त्यांना खुर्च्या स्वतःच्या हातांनी तोडाव्या लागल्या होत्या. प्रगत देश आणि विकसनशील देश यांतला फरक तो हा.

‘कॉमेडी सेंट्रल’ही त्याच पॅरामाउंटची. सप्टेंबरात दुसऱ्या वाहिनीवरच्या विनोदी निवेदक जिमी किमेलला घरी बसवल्यावर, ‘डेली शो’ला परतलेला स्ट्युअर्ट आपला वार नसताना गुरुवारी आला, सोन्याच्या मुलाम्याने मढवलेल्या सेटवर बसला आणि घाम पुसत, शब्द तपासत राष्ट्राध्यक्षांचं यथेच्छ कौतुक करून गेला. त्याची खुर्ची शाबूत राहिली.

तो २०२४ च्या फेब्रुवारीत ‘डेली शो’ला परतला आहे, पण फक्त सोमवारी. आठवड्यातल्या उरलेल्या सहा दिवसांचा विनोद वृत्तवाहिन्या स्वतःच सांभाळतात, आणि त्यांचं काम समाधानकारक चालू आहे.